सायराकान आजीची सही

किण्ण! चमचा पेल्याला लागला आणि चौदा सेकंदांची शांतता मोडली.

बेगिमायने कानातल्या तारा घट्ट दाबल्या, ध्वनिमुद्रण मागे नेलं, पुन्हा लावलं. आधी नुसती शांतता, तळाशी चुलीतल्या कोळशाची सरसर. मग तो चमचा. मग सायराकान आजींचा आवाज, एकदम खालच्या पट्टीत उतरलेला: "पोरी, ते यंत्र बंद कर बघू." आणि खट्ट. पुढे काही नाही.

त्या खट्टपर्यंत सगळं ठीक होतं. जे बिघडलं ते त्यानंतर.

आतल्या खोलीत सेझिम झोपली होती. सहावं लागलेल्या मुलीची दुपारची झोप हाच काय तो बेगिमायचा कामाचा वेळ. नवरा रशियात इमारतींवर काम करायचा आणि रविवारी फोनवर दिसायचा. बाकीचे सहा दिवस बिश्केक शहरातल्या त्या दोन खोल्यांत मायलेकीच. टेबलावर मुलाखतींचे कागद असत. ज्यांच्या पाठी कोऱ्या, त्यांवर सेझिमची अक्षरं असत. बेगिमाय नाव लिहून द्यायची आणि खाली सेझिम गिरवायची. शेवटचं अक्षर आलं की बेगिमायचा हात आपोआप एक वळसा घेऊन वर जायचा. सेझिम त्याला मांजरीची शेपटी म्हणायची. "आई, शेपटी विसरलीस!" असं ओरडायचीसुद्धा.

आज सकाळी फोन आला होता. गावाहून, सायराकान आजींचाच.

"पोरी, तुमच्या पुस्तकात मी आहे म्हणे."

बेगिमाय लगेच म्हणाली, "आजी, नाव कुठेच नाही हो तुमचं…"

"नाव नसलं म्हणून काय झालं?" आजी रागावलेल्या वाटल्या नाहीत. दमलेल्या वाटल्या. "मी कागदावर सही केली होती का गं? शाळेतला मास्तर म्हणाला, सहीशिवाय छापतच नाहीत. सगळ्यांच्या सह्या आहेत."

"हो," बेगिमाय म्हणाली. तोंडातून निघून गेलं.

"मग तो कागद घेऊन ये. मला माझी सही बघायचीय."

*

झालं होतं ते असं.

परदेशातल्या एका विद्यापीठातल्या योहाना मॅडमना जुन्या सरकारी मेंढी-फार्मांचा अभ्यास करायचा होता. फार्म मोडले तेव्हा माणसांचं काय झालं, त्यांना काय आठवतं, काय आठवायला नको वाटतं. मॅडमना भाषा येत नव्हती, गाव माहीत नव्हतं. बेगिमायला दोन्ही येत होतं, आणि सारी-कुंगोय गावात तिच्या आईची आई कुलुमकान नांदली होती. "तुला तिथे दारं उघडतील," मॅडम म्हणाल्या. दारं खरंच उघडली. दार कशाच्या किल्लीने उघडतंय, हा विचार तेव्हा तिच्या मनाला शिवला नाही.

गेल्या शरदात ती सेझिमला घेऊनच गेली. मूल ठेवायचं कुणाकडे? आणि खरं सांगायचं तर मूल बरोबर असलं की माणसं लवकर मऊ होतात हेही तिला कळलं होतं. सायराकान आजींच्या घरी जमिनीवर जेवणाच्या चादरीचं दस्तरखान पसरलेलं होतं, त्यावर कणकेचे गोळे तळून केलेल्या बोरसोकचा ढीग, काळ्या रानफळांचा मुरंबा, वाटीभर साय. शेजारची सोनुन आजी आधीच पाय पसरून बसलेली. दोन्ही अंगणांच्या मधल्या कुंपणाच्या दोन फळ्या कधीच्या काळी काढून टाकल्या होत्या. त्या फटीतून सोनुन आजी दिवसातून तीनदा चहाला यायची.

"कुणाची गं तू?" सोनुन आजीने विचारलं.

"कुलुमकानची नात."

"हात्तिच्या! मग कुठल्या कार्यालयाने पाठवलंय, असं विचारायचं होतं ते राहू दे." आणि ती खदखदून हसली. "नाहीतर म्हटलं, आली पुन्हा कुणीतरी, लिहून घ्यायला!"

बेगिमायने यंत्र मधोमध ठेवलं. लाल दिवा लागला आणि सायराकान आजी ताठ झाल्या. रुमाल सारखा केला. आवाज बदलला.

"आमचा फार्म दरवर्षी ठरवून दिलेलं काम मुदतीआधी पूर्ण करीत असे. कामगारांमध्ये अभूतपूर्व एकजूट होती. मी कार्यालयात टंकलेखिका म्हणून…"

"कसली डोंबलाची एकजूट!" सोनुन आजी. "गवत कापायला निघालेले अर्धे जण गवतातच झोपायचे."

"तू गप. हे रेकॉर्ड होतंय."

"म्हणून तर! यंत्र लावलं की आमच्या गावचा बोकडसुद्धा भाषण करतो."

अशी दीड तास मुलाखत झाली. एक बोलायची, दुसरी दुरुस्ती करायची. दोघींची मिळून एकच आठवण, एकच पेला दोघींनी उष्टा करावा तशी. मॅडमच्या सूचनांत लिहिलेलं होतं, मुलाखत एकांतात घ्यावी. सोनुन आजीला उठ म्हणणार कोण? शेवटी तीच गाय पिळायला म्हणून उठली, फळ्यांच्या फटीतून वाकून पलीकडे गेली. सेझिम तिच्या मागे वासरू बघायला पळाली.

बेगिमायने संमतीचा कागद पुढे केला. "आजी, एक सही लागेल. नुसती औपचारिकता आहे."

आजींनी कागदाकडे पाहिलं. हात लावला नाही. "बोलतेय की मी तुझ्याशी. बोलणं पुरत नाही का? सही नको, पोरी."

मग ती चौदा सेकंदं. चमचा. यंत्र बंद.

तिकडे पेला अर्धाच भरतात. अर्धा पेला म्हणजे बस, घाई कसली, संपला की पुन्हा हातात दे. काठोकाठ भरलेला पेला समोर आला की पाहुण्याने ओळखावं, जोडे शोधायची वेळ झाली. आजींनी अर्धा पेला चहा ओतला, तिच्याकडे सरकवला आणि खिडकीबाहेर, फळ्यांच्या फटीकडे बघत बोलू लागल्या. आता त्यांच्या बोलण्यात भाषण उरलं नव्हतं.

एका हिवाळ्यात फार्मच्या तीनशे मेंढ्या मेल्या. खाद्य कुजकं आलं होतं, सगळ्यांना माहीत होतं. पण खाद्य वरून आलं होतं, आणि वरच्याचं कधी चुकत नसतं. कुणीतरी खालचा हवा होता. पशुवैद्य होता सोनुनचा नवरा, जानिबेक. वरिष्ठांनी मजकूर सांगितला, सायराकानने टाइप केला: वैद्य दारूच्या नशेत होता, चुकीचं औषध दिलं. टाइप करून झाल्यावर ते म्हणाले, साक्षीदार म्हणून खाली सही कर. तिने केली. पोटात मूल होतं, नोकरी होती, त्या वरिष्ठाचा हात खुर्चीच्या पाठीवर होता. जानिबेक चार वर्षं आत राहिला. परतल्यावर दोन हिवाळे काढले त्याने, तिसरा नाही.

"तिला माहीत नाही," आजी म्हणाल्या. "ती समजते, कुणी शहरातल्याने केलं. तो आत गेला त्या आठवड्यात मी तिला पीठ नेऊन दिलं. ती माझ्या गळ्यात पडून रडली. म्हणाली, तूच एक आहेस. मग कसं सांगणार? आज सांगू, उद्या सांगू. चाळीस वर्षं झाली."

बेगिमायच्या हातातला चहा गार झाला होता.

"हे तुझ्या यंत्राला सांगितलं नाही मी. कुलुमकानच्या नातीला सांगितलं. पोटात ठेव."

"ठेवते, आजी," बेगिमाय म्हणाली. आणि त्या क्षणी तिला ते अगदी मनापासून वाटलंही होतं.

निघताना आजींनी सेझिमच्या दोन्ही खिशांत बोरसोक कोंबले. मिनीबस घाटाला लागली, सेझिम मांडीवर झोपली, आणि बेगिमायने तिच्या पाठीवर वही टेकवून सगळं लिहून काढलं. विसरू नये म्हणून, असं तिने स्वतःला सांगितलं. शब्द न् शब्द लिहिला. पाठीचा चढउतार होत होता त्याने अक्षर जरा हललं, एवढंच.

मॅडमना तिने ते पाठवलं. का पाठवलं? बावीस मुलाखतींमधल्या एकवीस जणांनी भाषणंच ठोकली होती म्हणून. कंत्राट वाढणार होतं की संपणार होतं ते ठरायचं होतं म्हणून. आणि कुणीतरी तिला "शाबास" म्हणून फार दिवस झाले होते म्हणूनही. मॅडम म्हणाल्या, "हे सोनं आहे. संमतीपत्र आहे ना?"

"आहे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी झेरॉक्सच्या दुकानाबाहेर, भिंतीला कागद टेकवून, तिने संमतीच्या कागदावर आजींचं नाव लिहिलं. म्हाताऱ्या माणसाचं वाटावं म्हणून हात मुद्दाम थरथरवला.

मग पुस्तिका निघाली. मॅडमचा आग्रह, गावाचं गावाला परत द्यायचं, त्यांच्याच भाषेत. नावं सगळी बदललेली. बेगिमायने मुद्रितं तपासली तेव्हा ती एका ओळीवर अडली होती: फार्मची टंकलेखिका, वय बहात्तर. फार्मवर मेंढ्या होत्या अठरा हजार, आणि टंकलेखनाचं यंत्र एक. तिने पेन उचललं होतं. पण त्या दिवशी पानं परत द्यायची शेवटची तारीख होती, सेझिम दाराशी "आई, चल ना" करत होती, आणि खेड्यात वाचतंय कोण, असं म्हणून तिने पेन खाली ठेवलं.

शाळेच्या सभागृहात पुस्तिका वाटल्या. बेगिमायला बोलावणं होतं. तिने कळवलं, मुलीला ताप आहे. ताप नव्हता. सेझिम त्या दिवशी अंगणात दोरीवरच्या उड्या मारत होती. मास्तरांनी मुलांना इतिहास कळावा म्हणून एक उतारा मोठ्याने वाचला. नेमका तोच. चांगला लिहिलेला होता ना. दुसऱ्या रांगेत सोनुन आजी बसली होती.

*

फोननंतरच्या शनिवारी मायलेकी मिनीबसमध्ये बसल्या. कागद एका निळ्या पाकिटात, पाकीट पिशवीत, पिशवी मांडीवर.

घाटमाथ्यावर गाडी थांबते तिथे वारा असा असतो की डोक्यावरची टोपी दुसऱ्या जिल्ह्यात जाईल. बेगिमाय कड्याशी उभी राहिली. पाकीट तिच्या हातात होतं. कागद गाडीत राहिला, उडाला, हरवला: तिन्हींपैकी कुठलंही कारण चाललं असतं.

"आई, सू आली," सेझिम म्हणाली.

तिने पाकीट दातांत धरलं, मुलीची चड्डी खाली केली, वाऱ्याला पाठ करून तिला धरलं. झाल्यावर पाकिटावर दातांचे व्रण उमटलेले दिसले. ती ते पुन्हा पिशवीत ठेवून गाडीत बसली. धाडस करायलाही रिकामे हात लागतात.

आजींच्या अंगणात शिरताच तिला कुंपण दिसलं. दोन फळ्या जागच्या जागी परत बसवलेल्या, जुन्या करड्या लाकडात नवेकोरे खिळे चकाकत होते. जरुरीपेक्षा कितीतरी जास्त खिळे.

"वासरू कुठंय?" सेझिमने विचारलं.

"पलीकडेच आहे गं, बाळ. आता मोठं झालंय." आजींनी तिचं कपाळ हुंगलं, मग बेगिमायचंही. बेगिमायला वाटलं होतं, दार उघडणार नाही. किंवा उघडलं तरी तोंडावर शब्द येतील. घाटभर तिने ते शब्द स्वतःच जुळवले होते, एकेक टोकदार. तसं काहीच झालं नाही. दस्तरखान होतं, बोरसोक होते. फक्त समोरच्या जागी दुसरी गादी पसरलेली, आणि तिच्यावर कुणी नव्हतं.

आजींनी चहा ओतला. अर्धा पेला.

काठोकाठ भरलेला आला असता तर तिने सोसला असता. ती तयारी करूनच आली होती. हा अर्धा पेला तिच्याने उचलवेना.

"शाळेत वाचलं त्या संध्याकाळी आली ती," आजी सांगू लागल्या. "दाराशी उभी राहिली. आत ये म्हटलं तर आली नाही. एवढंच विचारलं, 'ते तू टाइप केलंस?' मी म्हटलं, केलं. 'आणि सही?' म्हटलं, सहीपण. मग म्हणाली, 'चाळीस वर्षं माझ्या हातचं खाल्लंस, घशात अडकलं नाही का गं कधी?' आणि गेली. लगेच हातोडीचा आवाज. सत्तरीची बाई, गुडघे धड नाहीत, स्वतः खिळे ठोकत होती. मी इथे बसून मोजत होते."

"आजी, माझं चुकलं." बेगिमायने मान वर केली नाही. "मी लिहायला नको होतं. तुम्ही सांगितलं होतं, पोटात ठेव म्हणून."

"सांगितलं होतं खरं. पण मग सहीपण केली असणार ना मी! मास्तर म्हणतो तसं." आजी स्वतःशीच मान हलवत होत्या. "मला तर आठवतंय, नको म्हटलं होतं. पण या वयात आठवण म्हणजे काय, चाळणी. आणि माझ्या हाताला ती खोडच आहे. कागद पुढे आला की सही. तेव्हाही न वाचता, आताही न वाचता. तुला कशाला बोल लावू?"

बेगिमायने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला.

"आणि खरं सांगू? बरंच झालं म्हणेन." आजी पुढे वाकल्या. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललं, आशेसारखं, लहान पोराच्या डोळ्यांत असतं तसं. "म्हणून तर कागद मागवला. तो घेऊन मी तिच्या दाराशी जाणार आहे. म्हणेन, बघ सोनुन, तेव्हाची सही मी भीतीने केली, कुणी खुर्चीमागे उभं होतं म्हणून. पण ही बघ. ही माझ्या मनाने केली. कुणी मागे लागलं नव्हतं. उशिरा का होईना, मी स्वतः होऊन सांगितलं, छापा म्हटलं, खाली नाव घातलं. ती कठीण बाई आहे, पण एवढं समजेल तिला. समजेल ना गं?"

बेगिमायला सांगायचं एकच वाक्य होतं. पण ते सांगितलं की आजींच्या हातातला तो एकच कागदही जाणार, आणि नाही सांगितलं तर… नाही सांगितलं तर सगळ्यांचंच भलं होतं. आजींचं, सोनुन आजीचं, मॅडमचं, तिचं स्वतःचंही. फळ्याही निघतील कदाचित. इतकं सोयीचं खोटं तिच्या वाट्याला आजवर आलं नव्हतं, आणि ते सोयीचं आहे हे कळल्याचीच तिला सगळ्यात जास्त लाज वाटली.

"आणलायस ना?"

तिने पिशवीतून पाकीट काढलं. दिलं.

आजींनी कागद बाहेर काढला, डोळ्यांपासून लांब धरला, जवळ आणला. "चष्म्याची काडी मोडलीय. खाली नाव आहे ना माझं? ए सेझिम, तू शाळेत जाणार ना आता? अक्षरं येतात की नाही? ये, वाचून दाखव आजीला."

"मी वाचते," बेगिमाय घाईने म्हणाली.

"तू कशाला? तिला वाचू दे की. मोठी झालीय ती."

सेझिम बोरसोकचं तूप फ्रॉकला पुसत आली. आजींच्या मांडीला टेकून उभी राहिली, सहीवर बोट ठेवलं आणि एकेक अक्षर जोडत, मोठ्या अभिमानाने वाचू लागली. "सा… य… रा…"

आजींनी किटली उचलली होती. ती तशीच हातात राहिली. पलीकडे, कुंपणामागे, बादलीची कडी वाजली आणि थांबली.

"…कान!" सेझिमने शेवटच्या अक्षरावरून बोट फिरवलं, वळसा घेऊन वर नेलं आणि खुदकन हसली. मग हसू थांबवून तिने आईकडे पाहिलं.

"आई, ही तर तुझी मांजरीची शेपटी. आजीचं नाव तू का लिहिलंस?"